खांबाला सांगितलं होतं

पेमातांग सियांतार,
४ मार्च १९९६

एदा रुमोंडांग हिस,
सियांतारहून तुझ्या भावजयीचा, तिओमिनारचा स. न. वि. वि. आणि मोठ्यानं होरास.

पत्र तुझ्या नवऱ्याच्याच मिनीबसमधून पाठवते आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, माझ्या अक्षराला हसू नकोस. हसलीस तर पुढचं पत्र तुझ्या भावाकडून लिहून घेईन, मग चारी पानांत बुद्धिबळच येईल. मारुली सकाळी चर्चच्या कोपऱ्यावरच्या ताडीच्या दुकानात जाऊन बसतो, तो घोडा-उंट मारून दुपारी जेवायलाच येतो. इथे गाडीखाली मी.

बातमी अशी की दुकानात गाडीच्या इंजिनाचं नवीन तेल आलंय. लांब पल्ल्याचं. मेदानच्या एजन्सीचे युसरीसाहेब स्वतः येऊन पाटी ठोकून गेले. एकदा भरलं की नेहमीच्या तेलाच्या चौपट पळतं, मधे बदलायला नको. वर हमी पण आहे, इंजिन बिघडलं तर कंपनी बांधून देणार. फक्त गाडीवाल्यानं दर आठवड्याला पट्टी काढून तेल किती उरलंय ते बघायचं, आणि बघायला हवं हे आम्ही दुकानदारांनी त्याला सांगायचं. मी म्हटलं, सांगायला काय जातंय? माझं तोंड कधी बंद असतं?

पहिला डबा तुमच्याच गाडीत ओतला. आता तुझा नवरा आला की आमच्याकडे काय तमाशा होतो तो तू पाहिलाच आहेस. मी त्याच्या मेव्हण्याची बायको, त्याची बाओ. त्यानं माझ्याशी बोलायचं नाही, मी त्याच्याशी बोलायचं नाही, पूर्वजांनी ठरवून ठेवलंय. ठीक आहे. पण पूर्वजांकडे मिनीबस नव्हती. मारुली दुकानात असता तर मधे राहून निरोप दिले असते. तो नसतोच. मग तुझा नवरा रस्त्याकडे तोंड करून उभा, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा, आणि मी दुकानाच्या पुढच्या खांबाला सांगणार. खांबा, यांना म्हणावं पट्टा ढिला झालाय. खांबा, यांना म्हणावं मागचं चाक बघून घ्या. त्याला ऐकू गेलं की तो खोकतो. खोकला म्हणजे कळलं. मागच्या खेपेला त्याला खरोखरची सर्दी होती, तेव्हा मी न सांगितलेलंही त्याला भराभरा कळत होतं.

असो. तेल ओतलं, पट्टीचं खांबाला सांगितलं, खोकला आला, काम झालं. तुमचं इंजिन म्हातारं आहे, घालावं तेवढं तेल कधी परत निघत नाही, पण पळतंय. आता जुलैपर्यंत तो माझ्या दारात यायचा नाही. त्याचीही सुटका, माझीही.

तो खांब तसा मला नकोच आहे. मोठी गाडी आत घेताना आडवा येतो. हात जरा मोकळा झाला की कापून टाकणार.

बाकी ठीक. लोभ तर हवाच, सोबत मूठभर तिरफळं पण पाठव. इथल्या बाजारात नुसत्या काड्या विकतात.

तुझी,
तिओमिनार

---

बालिगे,
२१ एप्रिल १९९६

एदा तिओमिनार हिस,
तू वयानं मोठी म्हणून सा. न., आणि मी नणंद म्हणून थोडासा तोरा.

पत्र पोचलं. अक्षराला हसले नाही, मजकुराला हसले. तिरफळं पाठवली आहेत, मासा करशील तेव्हा माझ्या भावाला शेपटीकडचा तुकडा वाढ, डोक्याकडचा त्यानं जिंकून मिळवावा.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या लेकासाठी, तुंपालसाठी, शाल मागावर चढवली आहे. काठ लाल धरलाय. नको असेल तर आत्ताच सांग, अर्धी विणून झाल्यावर तुझं तोंड चालू झालं तर मी ऐकणार नाही.

नव्या तेलाचं यांना फार कौतुक. तळ्याकाठच्या सगळ्या गाडीवाल्यांना सांगत सुटलेत. दर महिन्याला तुझ्याकडे अर्धा दिवस मोडायचा, तो आता मोडत नाही, त्या दिवशीही फेरी होते. साऊरची शाळेची फी या वेळी वेळेवर गेली. तुला माहीत आहे, आमच्याकडे ना शेत ना म्हैस. जे काय आहे ते चार चाकांवर आहे.

तुझ्या खांबानं काय निरोप दिला म्हणून विचारलं तर नुसते हसले. म्हणाले, हल्ली खांब फार बोलतो. पट्टी बघायची तर पुढची सीट उचलावी लागते म्हणे, आणि त्या सीटवर बाजाराला जाणाऱ्या दोन बायका पहाटेपासून टोपल्या मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. त्यांना उठवण्यापेक्षा डोंगर हलवणं सोपं.

लोभ आहे तसा ठेव, खांबाला वाटून टाकू नकोस.

तुझी,
रुमोंडांग

---

बालिगे,
१७ जून १९९६

तिओमिनार हिस,
नमस्कार.

गाडी बंद पडली. परापातच्या वरच्या घाटात, माकडं बसतात त्या वळणाच्या अलीकडे, इंजिन किंचाळलं आणि जाम झालं. यांनी हातब्रेक ओढून गाडी डोंगराच्या अंगाला टेकवली म्हणून माणसं वाचली. कुणाला ओरखडा नाही, देवाची कृपा. केळ्यांचे दोन घड माकडांनी नेले, त्याची भरपाई ती केळीवाली बाई अजून मागते आहे.

पोर्सेयाच्या मेकॅनिकनं खालचा नट सोडला. तेल निघालं ते चहाच्या कपात मावेल एवढं. तो म्हणाला, इंजिन नव्यानं बांधावं लागेल. लाल दिवा लागला नाही का म्हणून विचारत होता. तो दिवा गाडी घेतली तेव्हापासूनच मेलेला आहे.

हे पायरीवर बसून असतात. तुमच्या घराबद्दल एक शब्द बोलत नाहीत. बोलायचेही नाहीत. बायकोच्या माहेरापुढे हात जोडायचे, तिथे बोट दाखवायचं नाही, असंच यांना शिकवलेलं आहे. म्हणून मी विचारते. मी त्या घरात जन्मले, मला अधिकार आहे. तू यांना पट्टी बघायला सांगितलं होतंस की नव्हतं? हो किंवा नाही एवढंच कळव.

रुमोंडांग

---

सियांतार,
२३ जून १९९६

एदा हिस,
तुझा नमस्कार कोरडा होता, तरी माझा स. न. वि. वि. ओला आहे.

माणसं वाचली हे वाचून मी तेलकट हातानं तसेच हात जोडले. मग तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि डोकं फिरलं. हो किंवा नाही म्हणे. मी काय न्यायाधीशापुढे उभी आहे?

सांगितलं होतं. खांबाला सांगितलं होतं. तुझा नवरा खांबापासून दोन हातांवर, पाठ करून. आणि तो खोकला होता. त्याला विचार तो का खोकला. की हवेसाठी खोकला?

हमीसाठी युसरीसाहेबांना निरोप धाडला, ते परवा आले. माणूस चांगला, आवाज चढवत नाही, त्यानंच मला जास्त राग येतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, दोनच गोष्टी असू शकतात. तुम्ही सांगितलंत आणि त्यांनी बघितलं नाही, मग चूक गाडीवाल्याची. किंवा तुम्ही सांगितलंच नाही, मग चूक दुकानाची, इंजिन तुम्ही बांधून द्यायचं आणि आमची पाटी उतरवायची. कंपनी दोन्हीकडून मोकळी. मी म्हटलं, वा, हमी तुमची आणि दोन्ही दारं उघडतात आमच्याच घरात.

मग त्यांना खांबाचं सांगितलं. ते त्या खांबाकडे बघत राहिले. त्यांच्या लोकांत असं काही नाही. शांतपणे म्हणाले, ज्याला सांगायचं त्याला सांगितलंत का? मी म्हटलं, आमच्यात यालाच सांगणं म्हणतात. ते म्हणाले, मग त्यांना ऐकू गेलं असं त्यांच्या तोंडून आलं की झालं. पुढच्या महिन्यात परत येतो म्हणून गेले.

तेव्हा तू विचार. दुकान गेलं तर तुझ्या भावाला कोण पोसणार, त्याचा उंट? या तेलावर मी वर्षभराचं भांडवल लावलंय. ही पाटी उतरली तर बाकीचे गाडीवालेही समोरच्या दुकानात जातील. मी खोटं बोलणारी नाही, पण खरं बोलले तर तुझी चूल विझते. माझी काय हौस आहे का?

राग आहेच, लोभही आहेच, दोन्ही एकाच डब्यात ओतलेत. वेगळे होत असतील तर बघ.

तिओमिनार

---

बालिगे,
२ जुलै १९९६

एदा हिस,
सा. न. या वेळी खरा.

विचारलं. हे काही बोलले नाहीत. खोकलेही नाहीत.

मला समजतं त्यांचं. ऐकलं होतं म्हणावं तर गाडी गेली. ऐकलं नव्हतं म्हणावं तर मेव्हण्याच्या बायकोला खोटी ठरवली, मग कुठल्या तोंडानं सासुरवाडीच्या लग्नाकार्याला उभं राहायचं. म्हणून गप्प. सध्या दुसऱ्याच्या गाडीवर दारात लटकून प्रवासी गोळा करतात. काल दोरोक्सांगुलच्या स्टँडवर ओरडून घसा बसला. या वयात.

एक गोष्ट रागावू नकोस तर सांगते. ते लांबचं तेल त्यांनी फेरी वाचते म्हणून घेतलं हे निमित्त. खरं कारण ते एकदा जेवताना बोलून गेले. दर महिन्याला दुकानात पाठ करून उभं राहायची त्यांना लाज वाटायची. समोरच्या दुकानातली माणसं हसतात म्हणे. वर्षातून तीनदाच उभं राहावं लागेल हे ऐकून त्यांनी किंमतसुद्धा विचारली नाही.

आणि एक विचारायचं आहे. भांडण म्हणून नाही. जुनं तेल होतं तेव्हाही पट्टी कधी कुणी बघत नव्हतं. तरी कधी कोरडं पडलं नाही. मग आताच का? जुन्या तेलात काय होतं?

शालीचा काठ लालच ठेवलाय. माग थांबवला नाही, हात थांबले की डोकं चालतं.

लोभ कमी झाला नाही. जरा बाजूला ठेवलाय.

तुझी,
रुमोंडांग

---

सियांतार,
१० जुलै १९९६

एदा हिस,
तिओमिनारचा स. न. वि. वि. आज खाली मान घालून, आणि हे मला शोभत नाही हे मलाही ठाऊक आहे.

जुन्या तेलात काय होतं विचारतेस. जुन्या तेलात मी होते.

दर महिन्याला तेल काढताना मला दिसायचं. घातलेल्यातलं निम्मंच परत यायचं. रिंगा झिजल्यात, इंजिन तेल पितंय. मी बडबडत पुन्हा भरायची, संपलं. पिणाऱ्याचा पेला दर महिन्याला मीच भरत होते. एवढं सगळ्या सियांतारला सांगत सुटणारी मी, हे कधी खांबालाही सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर तोंडावर म्हटलं असतं, बाबा, तुझं इंजिन दारुडं झालंय. पण बाओच्या इंजिनाबद्दल असलं काही बोलणं म्हणजे त्याच्या अंगावरच्या कपड्यांबद्दल बोलण्यासारखं वाटायचं. म्हणून पट्टी बघा एवढं सांगितलं. का बघा ते गिळलं.

आणि तू त्याच्या लाजेचं लिहिलंस, तर माझंही ऐक. ती पाठ दर महिन्याला माझ्या दारात नको होती मला. खांबाशी बोलताना समोरची माणसं मलाही हसतात. म्हणून पहिला डबा त्याच्याच गाडीत ओतला.

युसरीसाहेब काल आले. तुझ्या नवऱ्याकडून काही कळलं का म्हणाले. मी म्हटलं, त्याची गरज नाही, लिहून घ्या, मी सांगितलं ते अर्धंच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग चहा पिताना एक बोलले, ते डोक्यातून जात नाही. म्हणाले, थोड्या मुदतीचं तेल म्हणजे दर महिन्याची भेट होती बाई. लांबचं तेल विकताना ती भेटही विकली जाते. तिच्या जागी काय ठेवायचं ते दुकानदारानं आधी ठरवायला हवं. जे इंजिन तेल पितं त्याला तर हे तेल द्यायलाच नको होतं. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. माणूस बरोबर बोलला की माझी फार पंचाईत होते.

पाटी उतरवून नेली. मारुलीनंच शिडी धरली. त्या दिवशी तो ताडीच्या दुकानात गेला नाही, हे तुला सांगायला हवं. गाडी इथे ओढून आणा असं तो म्हणाला. मी नाही, तो.

लोभ मागायला तोंड नाही. उरला असेल तर पाठव.

तुझी,
तिओमिनार

---

बालिगे,
१४ जुलै १९९६

मेव्हण्यांच्या दुकानाच्या पुढच्या खांबास,
हासिहोलानचा सा. न. आणि होरास.

खांबा, पत्र तुला लिहिण्याचं कारण तू जाणतोस. हे पत्र मालकिणीनं वाचलं तर तो तिचा प्रश्न आहे, मी तिला लिहिलेलं नाही.

तुला सांगायचं असं की मी ऐकलं होतं. पट्टी, दर आठवड्याला, सगळं. माझा खोकला खोकलाच होता, सर्दी नव्हती. कालच टेलिफोनच्या दुकानातून युसरीसाहेबांनाही हे कळवलं. ते सावकाश लिहून घेत होते. टेलिफोनचं मीटर चालू होतं म्हणून मीच ठेवून दिला.

मालकीण म्हणते की तिनं अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं मला कुणी सांगायची गरज नव्हती. निळा धूर मागून निघतो, तो मागच्या गाडीला दिसतो तसा मलाही आरशात दिसायचा. मी आरसा वर केला. डोंगराचा देखावा छान दिसतो असं मनाला सांगितलं. सीटवरच्या बायकांना उठवायला भ्यालो, ही दुसरी गोष्ट. त्यातली एक माझी चुलती आहे.

सासुरवाडीच्या दुकानावरची पाटी माझ्यामुळे उतरली. याची क्षमा मेव्हण्यांकडे समोर येऊन मागेन. तुझ्याकडे आत्ताच मागतो.

गाडी गुरुवारी ओढून आणतो आहे. इंजिन उतरवायला माझे दोन हात आहेत, घासायला-धुवायलाही आहेत. मी दुकानाच्या मागच्या अंगाला काम करीन, मालकिणीनं पुढच्या अंगाला करावं. मधे तू आहेसच.

लाकडाकडे लोभ कसा मागतात ते ठाऊक नाही. उभा राहा, एवढंच मागतो.

हासिहोलान, साऊरचा बाप

---

सियांतार,
४ ऑगस्ट १९९६

एदा रुमोंडांग हिस,
तिओमिनारचा स. न. वि. वि., होरास, आणि वर ढीगभर.

काल इंजिन सुरू झालं. पहिल्याच किल्लीला नाही, तिसऱ्या किल्लीला. तुझा नवरा आज रात्री गाडी घेऊन घरी पोचेल, हे पत्र त्याच्याच खिशातून येईल. धूर बघ. पांढराही नाही, निळाही नाही. आरसा मी स्वतः खाली केलाय आणि नट आवळून टाकलाय.

सुटे भाग दुकानानं घातले, मजुरी त्यानं. दोन आठवडे मागच्या अंगाला तो, पुढच्या अंगाला मी. रिंगा हव्या असल्या की तो खांबाला सांगायचा, मी खांबाच्या पायाशी ठेवून द्यायची. एकदा त्यानं चुकीचा पाना मागितला. मी खांबाला म्हटलं, यांना म्हणावं तुमच्या हातात आहे तोच बरोबर आहे. मागून खोकल्याऐवजी हसू आलं. मग मलाही आलं. समोरच्या दुकानातले बघत होते, बघू देत.

रविवारी मारुलीनं त्याला मासा खाऊ घातला, तुझ्या तिरफळांत शिजवलेला, अख्खा, डोक्यासकट. क्षमाबिमा दोघांनी जेवणाआधी उरकली, मोठमोठे शब्द वापरून. मी आत भात काढत होते, मला सगळं ऐकू आलं. मी खोकले.

युसरीसाहेब येऊन गेले. दोन्हीकडचं लिहून घेतलंय, दोघंही आपलीच चूक म्हणतात, वरच्या साहेबांना हे कसं समजावू म्हणाले. मी म्हटलं, समजावू नका, पाटी परत द्या. ते हसले. पाटी नाही दिली. लांबचं तेल आता आमच्याकडे नाही. येईल पुन्हा कदाचित, त्यांनी नाही म्हटलेलं नाही. समोरच्या दुकानात मात्र ती पाटी लागली. चार गिऱ्हाइकं तिकडे गेली, त्यांतलं एक परत आलं.

आता इथे नियम केलाय. तेल कुठलंही घ्या, कुठूनही घ्या, दर महिन्याला गाडी माझ्या दारात आणायची, पट्टी स्वतःच्या हातानं ओढायची, आणि तेल कुठवर आहे ते मोठ्यानं सांगायचं. फुकट. न सांगणाऱ्याला मी हलू देत नाही. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत, माझा घसा त्यांच्यापेक्षा मोठा आहे.

आज सकाळी गाडी एकदा गावात फिरवून आणायला निघताना तुझ्या नवऱ्यानं सीट उचलली. इथल्या बाजाराला आलेली त्याची चुलती परतीसाठी आधीच पुढची सीट धरून बसली होती, ती टोपलीसकट उठली, माझ्याकडे एकदा बघून मुकाट उठली. त्यानं पट्टी पुसली, परत घातली, काढली, उजेडात धरली. मग वळला. रस्त्याकडे नाही, आत वळला. खांबाकडे बघून म्हणाला की खांबा, तेल वरच्या खुणेला आहे. मी खांबाला म्हटलं, यांना म्हणावं पुढच्या महिन्यात पण असंच येऊन सांगा.

खांब कापायचा बेत सोडून दिला. मोठ्या गाड्या आडव्या घालून घेईन. बुंध्याला वाळवी लागतेय असं वाटलं, म्हणून काल थोडं जुनं तेल चोपडलं.

तुंपालची शाल पोचली. लाल काठ चांगला दिसतो. एवढं एकदाच लिहिते, परत विचारू नकोस.

लोभ बाजूला ठेवला होतास तो आता उचल, आणि दर महिन्याला किती उरलाय ते बघत जा.

तुझी,
तिओमिनार